काठावर दाटलेले कण

३ तारीख
आले एकदाची प्रयोगशाळेत! खोली उजेडाची, काम मनासारखं. मिश्रधातूचा तुकडा आरशासारखा चकचकीत घासायचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवायचा आणि त्यातल्या बारीक कणांचा नकाशा काढायचा. दहावीपर्यंत मला आत्याने घरीच शिकवलं; रेघ तिरकी गेली की ती पान फाडायची. इथे साहेब नकाशाची कडा सरसकट कापून टाकतात. का, असं विचारलं, तर म्हणाले, बाई, कडेवर कचराच दिसतो, आमची परीक्षा घ्यायला आलीस का? सगळे फिदीफिदी हसले. पदव्या भिंतीवर, अक्कल गहाण.

६ तारीख
मी कडा ठेवली. कण तिथेच दाटलेत, माझ्या खुर्चीच्या बाजूला. तुकडा फिरवून ठेवला.

७ तारीख
पुन्हा माझ्याच बाजूला! घट्ट धातूत कण असे रातोरात सरकत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळेल. साहेबांनी माझ्या नकाशावर चहाचा कप ठेवला आणि आत्याला विचारून ये म्हणाले. यंत्र सांभाळणारे काका कुजबुजले, पोरी, काप ना ती कडा, कशाला जिवाला घोर? भित्रा माणूस.

१० तारीख
तुकडा चिमट्यातून निसटला. मी पटकन बोटांनी झेलला. नंतरचा नकाशा कोरा. एकही कण नाही. साहेब म्हणाले, धांदरट, घासताना उडवलेस.

११ तारीख
अंगठ्याच्या नखाखाली करडी रेघ. धुऊन जात नाही. नख कापून सूक्ष्मदर्शकात ठेवलं. तेच कण, तीच दाटी. काका दारातूनच परत गेले —

१२ तारीख
रेघ मनगटापर्यंत. समोर कोणी आलं की त्या बाजूला सरकते. दुखतं. म्हणजे ते माझ्यात राहायला नाही, पुढे जायला —

१३ तारीख
खोलीला आतून कडी लावलीय. साहेब दार बडवताहेत. नाटकं पुरे, हात दाखव, म्हणताहेत. हसताहेत. सगळे कण बोटांच्या टोकाशी आलेत, दाराकडे. मनगट स्वच्छ. कोपर स्वच्छ. त्यांनी नुसता हात धरला तर मी सुटले —

ओरडून सांगायला हवं, शिवू नका म्हणून. सांगणारच आहे. कडी निखळतेय. आधी एकदा त्यांनी माझी माफी —