शेरा: नितळ

१४ सप्टेंबर
चार महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. कुणापाशी, हा प्रश्नच, कारण वाचणारा मीच. पण माणसाने स्वतःशी तरी रीतसर वागावं.
निमित्त, धरण सुरक्षा कार्यालयाचं पत्र. बाबांनी बागेसाठी ओढ्यावर घातलेला मातीचा बांध आता कागदोपत्री 'खाजगी धरण' झाला आहे आणि मी 'मालक'. काल त्यांच्या इंजिनिअरबाई गमबूट घालून येऊन गेल्या. बांधावरच्या गवताकडे अशा बघत होत्या, जणू ते माझ्या कानात उगवलंय. वीट आला. पायथ्याशी पाणी पाझरतं, ते मी दर रविवारी बाटलीत धरायचं. बाटली किती सेकंदांत भरली आणि पाणी नितळ की गढूळ, एवढं रजिस्टरमध्ये लिहायचं. बी.एस्सी. झालेल्या माणसाला हे काम!
संकल्प: रविवारी सहाला उठून गवत कापणे.

१७ सप्टेंबर, रविवार, स. ९.४०
गवत दवाने ओलं होतं. ओलं गवत कापू नये, असं कुठेतरी वाचलं आहे.
बाटली चाळीस सेकंदांत भरली. पाणी जरा ढवळल्यासारखं. 'गढूळ' लिहिणारच होतो, पण थांबलो. नुकतंच धरलेलं पाणी, ते अस्वस्थ असणारच. घाईने शेरा मारणं अशास्त्रीय, आणि धरणावर अन्याय. बाटली खिडकीत ठेवली आहे.

१८ सप्टेंबर
काचेसारखं. शेरा: नितळ. आपण पक्षपात तर करत नाही ना, असं स्वतःला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं.

२४ सप्टेंबर, रविवार
चौतीस सेकंद.
दुपारी ताईकडे. तिचं घर ओढ्याकाठी, बांधाच्या खाली चारशे पावलांवर. भावजींनी पुन्हा तेच काढलं: बांधाचं काय ते कळेपर्यंत मुलीकडे जाऊन राहू. घाबरट माणूस, पाण्याची टाकी भरून वाहिली तरी छत्री शोधेल. ताई मला म्हणाली, "तू सांग. राहू की जाऊ?"
हे बोलून भागणार नव्हतं. कागद मागून घेतला आणि लिहिलं: 'पाझराचं पाणी नितळ. काळजीचं कारण नाही.' खाली सही, तारीख. ताईने तो लगेच फ्रिजवर लोहचुंबकाने लावला. भावजींनी वाचला आणि म्हणाले, सही छान आहे. अशा माणसांची किळस येते.

२५ सप्टेंबर
बाटली पाहिली. नितळ. म्हणजे कालचा कागद बरोबरच होता. निवळलेलं पाणी न बघता लिहून दिलं, याची रात्रभर थोडी टोचणी होती. आता नाही.

१ ऑक्टोबर, रविवार
अठ्ठावीस सेकंद. बाटली धरायला हात बसलाय.
बायकोची तक्रार: प्रत्येक बाटलीच्या तळाशी बोटभर चिखल असतो आणि तो तिच्या सिंकमध्ये तुंबतो. मी समजावलं की तो गाळ, आणि शेरा पाण्याचा मारायचा असतो. तिने बाटली माझ्या हातात दिली. म्हणाली, "अहो, हे नितळ पाणी यापुढे बागेत ओतत जा." शिकलेला माणूस घरात एकटा पडतो.
गवत: विळा बोथट.

८ ऑक्टोबर, रविवार
एकोणीस सेकंद. हात आणखी बसला.
ताईचा फोन. पाऊस नाही, तरी ओढा चहासारखा दिसतोय. मी म्हटलं, वर कुणाची गुरं उतरली असतील. फोन ठेवल्यावर आठवलं की वर गुरं कुणाचीच नाहीत. हे खोटं बोलणं झालं का? तासभर विचार केला. चूक माहितीतली आहे, हेतूतली नाही. पुन्हा फोन करून सांगायला हवं. पण उगाच घाबरेल.
संध्याकाळी बसायला बांधावर ठेवलेली खुर्ची एका अंगाला कलते. महिन्यापूर्वी कलत नव्हती. सुतारांचा काही भरवसा राहिलेला नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार
अकरा सेकंद. बाई मंगळवारी येणार. आकडे निळ्या शाईत, शेरे काळ्या शाईत आहेतच. रजिस्टरला कव्हर घातलं. कोपरे नीट बसेनात, त्यात सकाळ गेली. गवत राहिलं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार, संध्या. ६
बाईंनी अक्षराचं कौतुक केलं. मग विचारलं, शेरा कधी लिहिता? मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी, पाणी पूर्ण स्थिर झाल्यावर. थोड्या अभिमानानेच म्हटलं.
त्यांनी खिडकीतली रविवारची बाटली उचलली आणि हलवली. पलीकडचं काही दिसेना.
"ही बांधाच्या पोटातली माती आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं धरण थोडं थोडं या बाटलीत येतंय."
मग चाळीसपासून अकरापर्यंतच्या आकड्यांवरून बोट फिरवत माझ्याकडे बघितलं. मी हात बसल्याचं सांगायला लागलो होतो. वाक्य पुरं केलं नाही.
बांधामागचं तळं उपसायला आजच पंप लागले. खालचं घर तासाभरात रिकामं करायला सांगितलं. बाईंबरोबर मीही गेलो. भावजींनी गॅस बंद केला, खिडक्या लावल्या. ताईने दोन बॅगा भरल्या, कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्या हातात दिली. इतकंच म्हणाली, "अरे, तू लिहून दिलंस म्हणून राहिले मी."
घरी येऊन, पद्धत मुळात बरोबर होती, फक्त क्रम, असं काहीतरी लिहायला घेतलं. तीन ओळी झाल्या, खोडल्या. दुपारपासून कुणाची तरी किळस येते आहे. बाईंची नाही. भावजींचीही नाही.

उद्या: ताईच्या फ्रिजवरचा कागद काढणे.