क्लचचा पाय

४ नोव्हेंबर
नांदेड-लातूर फेरी. लोह्याच्या अलीकडं ट्रॅक्टर आडवा आला. क्लच दाबायला गेलो अन् डावा गुडघा सुटलाच. गाडी हबकून बंद पडली. कुणाला लागलं नाही, नशीब. कंडक्टर शेख पुढं पळत आला. "काय झालं मामा?" म्हणलं, पाय गेला.
डेपोत साहेबांना मीच सांगितलं. मागं माणसं बसलेली असतात.
घरी शारदा म्हणाली, "बरं केलं." बास, तेवढंच.

५ नोव्हें.
मेडिकल तपासणी होईपर्यंत गाडी चालवणं बंद. ड्युटी चौकशीच्या खिडकीवर. "लातूर कधी हाय?" लोक विचारतात, मी सांगतो. माझीच गाडी समोरून गेली. दुसरा चालवत होता.

११ नोव्हें. लातूर
गुडघ्याच्या वाटीमागची गादी झिजली, डॉक्टर म्हणाले. पहिल्या मजल्यावर व्यायामाला पाठवलं. तिथल्या मॅडम उदगीरकडच्या, पोरीच्या वयाच्या. खुर्चीतून उठायला लावलं, आरशात दाखवलं. उठताना मी सगळा उजवीकडं कलतो. टेप लावून मांड्या मोजल्या. डावी बारीक.
"काका, दुखतं म्हणून ह्या पायाला जपलं. जपलं म्हणून मांडीची ताकद गेली, अन् वाटीवरचा ताण वाढला."
मला वाटायचं, जपला तर रिटायर होईपर्यंत टिकंल.
मग जिना उतरून दाखवायला सांगितलं. शारदा सोबत होती, तीही मागून उतरली. भिंतीला धरून, आडवी, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून मग पुढची. मॅडम माझ्याकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघायला लागल्या.
"काकू, तुम्हाला कधीपासून?"
"हे असंच हाय."
मला माहीतच नव्हतं. एका घरात राहतो आम्ही.

१२ नोव्हें. मुखेड
सकाळपासून तिला बघत राहिलो. ओट्याखालचं पातेलं काढायचं तर गुडघा वाकवत नाही, कमरेतूनच वाकते. भाजी पलंगावर निवडते. विहारात मागं भिंतीला टेकून उभी राहते. मला वाटायचं, तिला मागंच आवडतं. खाली बसणं तिनं कधी सोडलं?
विचारलं, सांगितलं का न्हाई?
"तुमाला ड्युटी हाय, म्हणून डेपो विचारतंय. माझं मेडिकल कोण करणार?"
रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. साधंच म्हणाली, पातेलं घासता घासता.

१९ नोव्हें. लातूर
शारदाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. तिची वाटी माझ्यापेक्षा लई वाईट. आधी मांडीत ताकद आणू, मग ऑपरेशनचं बघू, म्हणाले. "थोडं आधी आल्या असत्या तर..." एवढं बोलून डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले.
येताना स्टँडवर गाडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तिनं. अंग वर येईना. मागं गर्दी. "अहो, तुमी व्हा वर." मी वरून हात दिला, मागच्या बाईनं टेकू दिला. इतकी वर्षं आरशात बघून गाडी सोडली. माणसं चढली का तेवढं बघायचो. कशी चढतात ते कधी बघितलंच नाही.

२८ नोव्हें.
दोघं पलंगावर आडवे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, दाबून धरायची. "कुणी बघितलं तर काय म्हणंल," शा. हसली. माझी मांडी आता धरून राहते. तिची थरथरते, मग सुटते. माझं लवकर सुधारणार असं दिसतंय. त्याचा आनंद होईना.

९ डिसें.
डेपोचा फोन. पुढच्या आठवड्यात मेडिकल. पास झालो तर परत गाडी. शा. खूश. शेजारच्या वहिनींना पण सांगून आली. मी ड्यु.वर गेलो तर तिला लातूरला कोण नेणार, हे तिनं विचारलं नाही. मी पण विषय काढला नाही.
संध्याकाळी दाराच्या पायरीवर सराव. भिंत न धरता, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून चढली. पहिल्यांदाच. वर उभी राहून तिनं खाली बघितलं.
"चढले तर. आता भिंत न धरता उतरू कशी?"
तसं उतरायचं मॅडमनी अजून शिकवलं नाही. मी खाली दोन्ही हात पुढं करून उभा. ती वरच.