सलामीत गेलेली तबकडी

अब्बा,

काल पुन्हा ती तबकडी लावली आणि पुन्हा तुमचा राग आला. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली की राग निवतो म्हणे. म्हणणाऱ्यांच्या घरी ग्रामोफोन नसावा.

अर्धं आयुष्य मावळातली लग्नं वाजवून तुम्ही लोणावळ्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटात साहेबांना नाचवणारा जॅझ बँड उभा केलात. इंदुरीचे ट्रम्पेट, तळेगावचा ट्राँबोन, सगळे वरातीत वाढलेले. बँड चांगला मुरल्यावर मुंबईहून एका रेकॉर्ड कंपनीचा साहेब आवाज कोरून घ्यायच्या मेणाच्या चकत्या घेऊन आला, नाताळच्या नाचात, भरल्या हॉलातल्या टाळ्यांसकट आपल्याला टिपायला. बहुतेक चकत्या एका मेमसाहेबांच्या गाण्यावर खर्ची पडल्या. उरली एक, ती आपली. तुम्हीच बजावलंत, "खोकला आला तर गिळायचा. मेनावर उमटलं की पुसता येत न्हाई." तुम्ही, अब्बा, तुम्ही!

तबकडीची सुरुवात झकास आहे. ट्रम्पेट चढतात, साहेबलोक बूट आपटतात, माझ्या झांजा चक्क वेळेवर पडतात. मग सगळा बँड दबतो, कारण आता तुमचा क्लॅरिनेट एकटा निघणार. त्याच्यासाठीच तर तो साहेब घाट चढून आला होता. आणि नेमके तेव्हाच आंदर मावळातले आबा दार ढकलून आत येतात, खांद्यावर घोंगडी, हातात वहाणा, नातीच्या लग्नाची सुपारी द्यायला. सुपारी घेऊन माणूस दारात आला की वाजतंय ते थांबवून त्याला सलामीची धून वाजवायची, ही आपल्या बँडची रीत. बाजारातल्या आपल्या खोलीसमोर ठीक आहे हो! तुम्ही क्लॅरिनेट ओठांवरून काढलात, हात वर केलात, आणि आम्ही सगळ्या शहाण्यांनी जॅझ तिथल्या तिथे टाकून सलामी ठोकली. नाचणारी जोडपी एकमेकांवर आदळली. आबा बिचारे ओरडतायत, तेही मेणावर आलंय: "आरं चालू द्या की! मी बसतो हितंच कोपऱ्यात!" मेण संपेपर्यंत सलामी.

साहेब लालबुंद. तुम्ही शांतपणे क्लॅरिनेट पुसत होतात. "त्यो मानूस डोंगर उतरून चालत आलाय. त्याला दारात ताटकळत ठेवू व्हय?"

"अब्बा, दोन-तीन मिनिटांचा तर प्रश्न होता!"

"मग साहेबानं दुसरं मेन आणावं. आबा काय रोज येत्यात?"

साहेब पुन्हा आला नाही. एक तबकडी तेवढी पाठवली, नमुना म्हणून की टोमणा म्हणून, त्यालाच ठाऊक. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. आता गोरे साहेबही देश सोडून गेले. इन्स्टिट्यूटात आपलेच लोक लग्नं लावतात आणि लाउडस्पीकर कान फोडतो. बँडची नवी पोरं विचारतात, "काका, तुमचे अब्बा खरंच लय भारी वाजवायचे?" मी तबकडी लावतो, सलामीच्या आधी सुई उचलतो आणि पुढचं तोंडानं सांगतो: तुमच्या क्लॅरिनेटचा सूर कसा खाली यायचा, कसा मधेच वळून हसायचा. पोरं माना डोलावतात.

हे पत्र टाकायचं नाहीच, म्हणून लिहून टाकतो. अब्बा, ते वळण मला आता आठवत नाही. पोरांना सांगतो ते सगळं माझं मीच रचलेलं. एकटा असताना गुणगुणून बघतो, तर तोंडात सलामीच येते.