रिझ आपलाच आहे

तीर्थस्वरूप चारुमामांना अमेयचा वुडलँड्सच्या अकराव्या मजल्यावरून साष्टांग नमस्कार (हॉल लहान आहे, पाय दुमडून घातलाय). तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील अशी आशा आहे.

इकडे सगळे खुशाल, फक्त माझी अब्रू तेवढी गेली. झालं असं, की इथल्या मराठी मंडळींच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन मी अंगावर घेतलं (कुणी दिलं नव्हतं). आरशासमोर तालीम करत होतो, तेवढ्यात आमची अवनी, वय वर्षं चौदा, म्हणाली, "पपा, यू गॉट झीरो रिझ, ला!" (ला म्हणजे इथलं 'बरं का') आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. गेलं दीड वर्ष ती माझ्याशी बोलते ते एवढंच, तेही इंग्रजीत. तिच्या आईने, उल्काने, समजावलं, की रिझ म्हणजे माणसात अशी काही जादू असणं, की समोरचा आपसूक ओढला जातो. हल्लीच्या मुलांचा शब्द आहे. माझा मात्र मराठी बाणा जागा झाला. (जगातली कुठलीही चांगली गोष्ट मुळात आपली, हे संस्कार तुमचेच.) रिझणे, रिझवणे! शब्द आपलाच, पोरांनी नुसतं शेपूट छाटलंय.

जवळच्या चोआ चू कांग भागातल्या सभागृहात दीडशे लोकांसमोर मी हे ठणकावून सांगितलं, आणि वजन यावं म्हणून पुण्याचे थोर भाषापंडित चारुदत्तमामा यांचा हवाला दिला (तुम्ही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालात, एवढं गाळलं). टाळ्या पडत असतानाच तिसऱ्या रांगेतून अवनी उठली आणि खणखणीत मराठीत म्हणाली, "पपा, हे साफ खोटं आहे!" मग मोबाइलवर बघून तिने सगळ्यांना ऐकवलं, की हा कॅरिस्मा या इंग्रजी शब्दाचा मधला तुकडा, कॅरिस्मा मूळचा ग्रीक, अर्थ देवाने दिलेली देणगी. तिला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

तेव्हापासून घरात युद्ध आहे. राइस कुकरखाली टेकू म्हणून ठेवलेला आजोबांचा शब्दकोश तिने ओढून काढला (कुकर आता कलंडतो), आणि रोज जेवणानंतर समोर बसून माझा एकेक पुरावा खोडून काढते. मराठीत. "ह्याला काही अर्थ आहे का, पपा?" हे तर हुबेहूब उल्कासारखं म्हणते.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
अमेय

ता. क. : रविवारी अवनी तुम्हाला व्हिडिओ कॉल करून विचारणार आहे, की हे मत खरंच तुमचं का. कृपा करून हो म्हणा. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.

ता. क. २ : थांबा, हो म्हणू नका. नाहीसुद्धा म्हणू नका. निकाल लागला की ती पुन्हा दार लावून घेईल, आणि मामा, मला आता ते सोसणार नाही. "विषय गहन आहे, पाहून सांगतो" एवढंच म्हणा. जाता जाता, फारसीत करिश्मा म्हणून एक शब्द आहे, अर्थ डोळ्यांचा नखरा, तो हळूच मध्ये टाका. तेवढ्यावर दिवाळीपर्यंत सहज निभेल.