सावली पॅनेलचा निकाल

कोऱ्हाळे बुद्रुक,
शुक्रवार, चहा झाल्यावर

रा. रा. दिग्विजयराव मेव्हणे यांना मानसिंगचा रामराम.

हितं समदी बरी हायत. म्हस व्याली, रेडी झाली. तुमचा गुडघा काय म्हणतोय? (तुमची ताई म्हणती, बारामतीत ऱ्हायला गेल्यापास्नं तुमी चालायचंच सोडलंय. मी न्हाय म्हणलो, ती म्हणली.) फोन न करता पत्र लिवतोय, कारण फोनवर तुमी "बघू" म्हणता अन् ठेवून देता. पत्राला कारण हाय, पण ते शेवटी सांगतो. आधी घडलं काय ते निवांत वाचा.

गेल्या वर्षी वैशाखात तुमची ताई बारामतीच्या गुरुवारच्या बाजारात मेथीच्या जुड्या मांडता मांडता उन्हानं चक्कर येऊन पडली, हे तुमाला ठाऊकच हाय. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणले, पुन्यांदा असं ऊन लागलं तर आमच्या हातात काय ऱ्हाणार न्हाय. घरी बस म्हणलं तर ऐकती का ती? चौदा वर्षं एका जागंवर बसती, गिऱ्हाईक तिला नावानं हाक मारतंय. ती बाजार सोडायची न्हाय, अन् तिच्या जागंवर छप्पर न्हाय. गुरुवार आला की मी पहाटंच उठून आभाळ बघतो, खोटं कशाला बोलू.

अशात कळलं की बारामती शहराचा हवामान कृती आराखडा होणार हाय अन् लोकांनी येऊन सूचना द्यायच्यात. सभागृहात सात तक्ते लावणार, दर माणसाला तीन हिरव्या टिकल्या देणार, ज्याला जे पायजे त्यावर त्यानं चिकटवायच्या. चौथा तक्ता, बाजारात सावलीचं छप्पर. मी वाचलं अन् मांडीवर थाप मारली. पाव्हणं, ही तर निवडणूक! अन् निवडणूक म्हणल्यावर ह्या मानसिंगला कोण शिकवणार? कारखान्याच्या पाच निवडणुका अंगावर काढल्यात मी (तीन जिंकल्या, एकीत पडलो, एकीचा निकाल अजून कोर्टात हाय). त्याच दिवशी सावली पॅनेल उभं केलं. पस्तीस माणसं, तीन जीपा, जाताना पोहं, येताना मटण. तिन्ही टिकल्या चौथ्यावर, म्हणून एकेकाला शपथेचा भंडारा उचलायला लावला. पॅनेलातल्या छबूबाईचं म्हणणं, एखादी टिकली झाडं लावायच्या तक्त्याला देऊ की. तिला समजावलं, बाई, मतं फुटली की पॅनेल गेलं.

सभागृहात श्रेया मॅडम म्हणून एक हुशार पोरगी काम बघत हुती. ती म्हणली, काका, आधी सातीबी तक्ते वाचा, एकमेकांशी बोला, मग चिकटवा. बोला? मतदानाच्या खोलीत? आमच्या माणसांनी टिकल्या मुठीत झाकून, भिंतीकडं तोंड करून, एकेक करत चिकटवल्या. गेणबानं तर चिकटवून झाल्यावर शाई लावायला मॅडमपुढं बोट धरलं. एकशे पाच टिकल्या! तक्ता हिरवागार झाला.

मी मिशीवरनं हात फिरवतोय तवर दारात आबाजी. आमच्या विरोधी गटाचा म्होरक्या, संगं चाळीस माणसं. त्यानं आराखड्याची एक ओळ वाचलेली न्हाय. मानसिंगची माणसं चौथ्यावर, मग आपली दुसरीकडं, एवढंच त्याला कळतंय. समद्या टिकल्या सायकलच्या रस्त्यावर. एकशे वीस! अवो, त्या गटात एकाकडं सायकल न्हाय. अन् आबाजीची बायको सारजा, बाजारात तुमच्या ताईच्या शेजारी, त्याच उन्हात कांदं घेऊन बसती! तिनंबी नवरा बघत हुता म्हणून सायकलवर चिकटवल्या, अन् मागं वळून पदर डोळ्याला लावला. तवा मला आबाजीचा न्हाय, माझाच राग आला. ह्यात गट आणला कुणी? मीच की.

तरी राग गिळून फेरमोजणी मागितली. मॅडमनी हजेरीची वही उघडली, गावांची नावं बघितली अन् लई गोड आवाजात म्हणली, काका, हा शहराचा आराखडा हाय, शहरात ऱ्हाणाऱ्यांचीच मतं धरायची. झालं! दोन्ही गटाच्या टिकल्या बाद. पण मीबी गप बसणारा न्हाय. मी विचारलं, मॅडम, शहराला भाजी चालती, मग भाजीवालीचं डोस्कं का चालत न्हाय? मॅडमनी ते लिवून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. एकंदरीत कार्यक्रम झ्याक झाला. मटण आबाजीच्या माणसांनीबी खाल्लं.

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
मानसिंग

ता. क. : तुमी शहरातलं मतदार. शहरातल्यांच्या सूचनांचं फॉर्म मॅडम बुधवारपातूर घेणार हायत. तुमच्या इमारतीत सोळा घरं हायत, जिना चढून एकेकाकडं जा (गुडघ्याला बरंच हाय ते). चौथा मुद्दा, सावली. पोहं मी पाठवतो.

ता. क. दुसरा : आबाजीचं शहरात कुणी न्हाय, जावई इंदापुरात, म्हणजे तोबी बाहेरचाच. काल आबाजी सवताहून घरी आला, मान खाली घालून तुमचा पत्ता मागितला. सारजाच्या सावलीसाठी. मी दिला. आला तर चहा पाजा, राजकारण काढू नका.

ता. क. तिसरा : मानसिंग गुरुवारी भर बाजारात बायकोच्या डोक्यावर छत्री धरून उभा असतो, असं तुमच्या कानावर आलं असंल. खरं हाय. औंदा ऊन तापल्यापास्नं आठ गुरुवार झालं. ती पडली त्या दिवशी मी कारखान्यावर सत्काराचा हार घालून घेत हुतो. बाजारातनं तीनदा फोन आला, तिन्हीदा कापला. हे मी तिला अजून सांगितलेलं न्हाय. हात लई भरून येतो, पण खाली घ्यायचं धाडस होत न्हाय.