मधल्या दाराचा निळा

प्रिय निसीम,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी बढाया मारत बसतो आणि मुद्दा राहून जातो, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलोय. बातमी अशी, की अष्टमी गावातलं तुमचं घर मी पुन्हा रंगवलं. आणि कुठल्या रंगात, सांगू? तुझ्या आजोबांच्या वेळच्या! चुन्यात नीळ कालवून काढायचे, तोच निळा. आपण दोघांनी 'म्हातारा रंग' म्हणून नाक मुरडलं होतं, तोच!

घर आता भाविका नावाच्या मुलीने घेतलंय. धाटावच्या कंपनीत केमिस्ट आहे. शिफ्ट सुटली की हेल्मेट न काढताच भिंती बघायला येते. पहिल्याच दिवशी तिने मोबाइलवर कुठल्याशा परदेशी बंगल्याची भिंत दाखवली. म्हणाली, "काका, हल्ली हेच चाललंय. जमेल तुम्हाला?" बघतो तर काय, आमच्या अष्टमीची चुन्याची भिंत! ढगाळ, ब्रशाचे फराटे तसेच दिसणारे. म्हटलं, "बाय, हे फराटे दिसू नयेत म्हणून मी वीस वर्षं हात घासला." हसायला लागली. म्हणाली, "मग आता दिसू द्या."

रंगांचं असंच बघ. डिस्टेंपर आला आणि चुन्यातला निळा गेला. मग पिस्ता नाहीतर गुलाबी, आणि खाली कमरेएवढा चॉकलेटी तेलरंगाचा पट्टा, पोरांचे तेलकट हात लागतात म्हणून. नव्वदनंतर जो तो क्रीम मागायचा. पुढे दुकानात रंग मिसळायची मशिनं आली आणि लोकांना टीव्हीमागची एकच भिंत भगवी नाहीतर जांभळी हवी झाली. आता पिस्ता परत आलाय. चॉकलेटी पट्टासुद्धा आलाय, फक्त त्याला पट्टा म्हणायचं नाही! गेल्या महिन्यात रोह्यात एका डॉक्टरांकडे मी तो ओढला. टेप चिकटवून नव्हे, दोरी झटकून, सुतात. ते टेपवाले हल्लीचे.

पण भाविकाची अट होती, निळा याच घराचा हवा. शेड-कार्डावरचे बारा निळे तिने परत केले. मी भिंत खरवडत गेलो. वर भगवा, त्याखाली क्रीम, त्याखाली आपला १९८८चा गुलाबी, आणि तळाशी निळा. पण डिस्टेंपरचा सरस मुरून तो निळा मळकट हिरवा झालेला. केमिस्ट बाईच्या डोळ्यांत धूळ कोण फेकणार? खरा निळा घरात एकाच जागी उरला असणार, हे मला ठाऊक होतं. मधल्या दाराची उजवी बाजू. तिथली मेझुझा तुझ्या बहिणीच्या, ज्युडिथच्या लग्नात हरवली, ती जागा.

तिथून नमुना मिळाला. मग पेणला जाऊन चुनकळी आणली, दोन दिवस भिजवली, तीन वेळा फडक्यातून गाळली. ओला चुना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून एकेक नमुना रात्रभर वाळू द्यायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, निसीम. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांच्या दारात उभा राहून रंगाऱ्यांचे हात बघत शिकलो. नीळ चिमटीने वाढवत नेली, काजळीचा एक कण घातला. अकरावा नमुना जुळला! भाविकाने उन्हात धरला, सावलीत धरला, म्हणाली, "फरक सांगता येत नाय, काका." ती घाटावरची, पण 'नाय' म्हणायला लागलीय.

आता ती जागा. मला ती मेझुझाची पितळी नळी अजून दिसते. बोटाएवढी, आत प्रार्थनेचा कागद, येताजाता तुम्ही स्पर्श करून बोटं ओठांना लावायचात. चौकट अरुंद, म्हणून तुझ्या आजोबांनी भिंतीच्या जाडीत खाच करून ती बसवली होती. १९८८ साली ज्युडिथच्या लग्नासाठी घर रंगवायचं काम मला मिळालं. एकोणीस वर्षांचा होतो, पहिलंच स्वतंत्र काम. तुझ्या वडिलांनी, एलियाहकाकांनी मला बजावलं होतं, "आधी मेझुझा काढून माझ्या हातात दे." मेंदीच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गुलाबी भिंतीवरून हात फिरवला, "आरश्यासारकी केलीस रं गुणा," म्हणाले, आणि मग विचारलं, "मेझुझा कुठं हाय?" मी म्हटलं, "निसीमकडं दिली." तू माझ्याकडे बघितलंस. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, तू म्हणालास, "दिली आसंल. माज्याकडनंच हरवली." ज्युडिथचं लग्न पार पडेपर्यंत काका तुझ्याशी बोलले नाहीत. तीन वर्षांनी तुम्ही देश सोडलात, तेव्हाही बाकीच्या दारांच्या मेझुझा त्यांनी स्वतः काढल्या. तुला हात लावू दिला नाही. मी ट्रंका उचलत होतो.

ती हरवली नव्हती, निसीम. स्क्रू गंजलेला होता, निघेना. भिंत गुळगुळीत करायची म्हणून मी खाचेत लांबी, म्हणजे आमची पुट्टी, भरली. नळीसकट. म्हटलं, वाळल्यावर कोरून काढू. पण काकांनी आरसा म्हटल्यावर त्या भिंतीला छिन्नी लावायला माझा हात धजला नाही. या वेळी माणसांना चहाला पाठवलं आणि एकट्यानेच ती खाच उकरली. लांबी पडली तशी आत नळी, आणि भोवती आजोबांचा निळा, जसाच्या तसा. नळी उघडलेली नाही, ते माझं काम नव्हे. पार्सलमध्ये ती आहे, सोबत निळ्याचा एक पोपडा. काका ब्याण्णवचे झाले, ऐकू कमी येतं, असं तू मागे म्हणाला होतास. तर हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव. गुणाने लांबी भरली आणि गुणा खोटं बोलला, एवढं दोनदा वाच. मग नळी त्यांच्या हातात दे. तूच दे. इकडे खाच बुजवायची का, असं मी भाविकाला विचारलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नको म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच भिंतीत खाच ठेवून मी काम पुरं झालं म्हटलंय.

तुझाच,
गुणाजी