फरशीसकट

१२ मार्च, मंगळवार
सकाळी अकरा चाळीस. स्टुडिओवाल्यानं ह्यांचा आवाज पुसलाय, हे मला कळलं ती वेळ! लिहून ठेवतेय. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, तारीख-वेळ नसेल तर ती तक्रार नव्हे, रडगाणं.

नऊ कॅसेटी डिस्कवर उतरवायला दिल्या होत्या. त्यानं लावून दाखवलं. लेक तीन वर्षांची, टबात बसलीय, तोंड हलतंय — आणि वर बासरी!

"कॅमेरा धरणारे फार बोलत होते, आजी. म्हणून म्युझिक टाकलं."

"मी तुमची आजी नाही," म्हटलं.

सतरा वर्षं कॅमेरा ह्यांच्याच हातात. एकाही चित्रात स्वतः नाहीत. जाऊन चार वर्षं झाली. उरलं होतं ते तेवढं बोलणं.

१३ मार्च
लेकीला फोन. "जाऊ दे ना आई, चित्र तरी स्वच्छ आलंय." चित्र स्वच्छ म्हणे! बाप गेला तेव्हाही डोळ्यांत टिपूस नव्हतं. कोरडी पोरगी. फोन ठेवून दिला.

१५ मार्च
मूळ कॅसेटी शाबूत आहेत! स्टुडिओतच एक लावायला लावली.

हे कॅमेरा बंद करायला नेहमी विसरायचे. पडद्यावर नुसती फरशी आणि ह्यांचे पाय. आणि आवाज — "अगं, हे बंद कुठून होतं?" आतून मी खेकसतेय, "लाल बटण! लाल!" "दाबलं की लाल. आता काय त्याच्या पाया पडू?"

हसता हसता माझं भलतंच झालं. रुमाल सापडेना. स्टुडिओवाल्यानं लेन्स पुसायचं फडकं पुढे केलं.

"पुन्हा उतरवा," म्हटलं. "फरशीसकट. एक शब्द कापलात तर गाठ माझ्याशी आहे."

तो चुळबुळला. "मॅडम, मी मनानं नव्हतं केलं. तुमच्या मुलीनं फोन करून सांगितलं होतं. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाल्या."

२१ मार्च, गुरुवार
लेकीला विचारलं. म्हणाली, "डिस्क घेऊन तू माझ्याकडेच आली असतीस ना गं. मला बाबांचा आवाज अजून ऐकवत नाही."

आज तिला चिठ्ठी धाडली: रविवारी चार वाजता ये. पाचच मिनिटं लावू. रिमोट तुझ्या हातात, तुझा हात माझ्या. येणार की नाही, ते शनिवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळव. फोन चालणार नाही — फोनवर तू रडशील, आणि मला बोलता यायचं नाही.